धकाते सरांचं पाहिलेलं

धकाते सरांची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्यांनी मला उघडं पाडलं तेव्हा. शाळेत रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला असेल. मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत मी मोठ्या उत्साहानं जाहीर केलं, की उद्या नळाला पाणी येणार नाही, मोठी पाइपलाइन फुटली आहे. कोपऱ्यात एक उंच, हाडकुळे गृहस्थ डब्यातला दहीभात खात बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पाह्यलं का आयकलं?"

"काय?"

"पाइप. फुटलेला पाह्यला, का कोणी सांगतलं?"

"शेजारच्या काकूंनी सांगितलं."

"त्यायनं पाह्यला?"

काकूंना त्यांच्या भांडेवालीनं सांगितलं होतं. हे मी बोलले नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. "मंग पाणी भरून ठेवा मॅडम," ते म्हणाले. "पण सांगत नका फिरू." दुसऱ्या दिवशी पाणी नेहमीच्या वेळेला, नेहमीपेक्षा जोरात आलं. भरून ठेवलेल्या बादल्या, पातेली आणि कूलरची टाकी बघून माझा नवरा दिवसभर हसत होता. मला मात्र त्या दहीभातवाल्या माणसाचा राग आला, आणि तो बरेच दिवस टिकला.

आमची शाळा नागपुरात नंदनवनच्या पलीकडे, अनुदानित, मराठी माध्यमाची. सर तिथे इतिहास-भूगोल शिकवायचे. मूळचे उमरेडचे, विणकर घरातले. घरचे माग त्यांच्या लहानपणीच थांबले. सर शिकून मास्तर झाले. त्यांच्या समाजाचा सावजी रस्सा खाऊन सगळं नागपूर नाकाडोळ्यांतून पाणी काढत असताना हा माणूस डब्यात दहीभात आणायचा. कोणी छेडलंच तर म्हणायचे, "तिखट खाल्ल्यानं माणूस कडक होते असं आयकलं होतं. पाह्यलं तं पोट बिघडते."

इतिहासाच्या मास्तरानं असा प्रश्न विचारत फिरावं ही गंमत मुलांच्या लक्षात न येती तरच नवल. एकदा नववीतल्या एका पोरानं उभं राहून विचारलं, "सर, पानिपत तुमी पाह्यलं का?" वर्ग श्वास रोखून बसला. सर म्हणाले, "नाही पाह्यलं. म्हणून तं वेगवेगळ्या लोकायनं काय लिहिलं ते वाचून, ताडून मंग सांगतो. तुह्या काकाच्या मोबाइलवर आलं म्हणून नाही सांगत." पोरगं खाली बसलं. पण सरांना तो प्रश्न आवडला होता. शिक्षकखोलीत येऊन त्यांनी तो मला दोनदा सांगितला.

आमच्या परिपाठात इतर शाळांसारखंच सगळं असे. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष आणि बातम्या. बातम्या म्हणजे मुलं वर्तमानपत्रातल्या चार ओळी उतरवून आणत आणि आपल्यालाच न समजणाऱ्या शब्दांवर अडखळत वाचत. सरांनी बातम्या बंद केल्या आणि त्या जागी 'पाहिलेलं' सुरू केलं. एका मुलानं पुढे यायचं आणि कालपासून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगायची. मग सर एक प्रश्न विचारायचे आणि मूल रांगेत परत जायचं.

"सर, मी आमच्या छतावर माकड पाह्यलं."

"काय करून राहिलं होतं?"

"आईचा परकर घालून पाहून राहिलं होतं."

अशा दिवशी परिपाठ पुढे सरकत नसे. पण एकदा सातवीतल्या एका शांत मुलानं येऊन सांगितलं, "सर, काल बाबा दिवसभर घरी होते. टीव्ही लावला नाही. नुसते बसून होते." सरांनी त्याला प्रश्न विचारला नाही. फक्त, "जा बेटा, रांगेत जा," म्हणाले. त्या संध्याकाळी सरांची स्कूटर त्या मुलाच्या घरासमोर उभी होती. हे मी येताजाता स्वतः पाहिलं, म्हणून सांगते. बापाची नोकरी गेली होती. सर आत जाऊन काय बोलले ते मला माहीत नाही आणि मी कधी विचारलंही नाही.

शनिवारी पाळी सरांची स्वतःची असे. दोन्ही हात मागे बांधून ते बोलायचे आणि त्यांच्या गोष्टीत कधीच काही मोठं घडायचं नाही. "काल आमच्या गल्लीत चार घरांत एकच मालिका चालू होती. चारही घरांत कोणी कोणाशी बोलत नव्हतं." किंवा, "आज चौकात सिग्नल बंद पडला होता. तरी एक माणूस थांबला. मागचे हॉर्न वाजवून राहिले होते, शिव्या देऊन राहिले होते. तो थांबलाच." एवढं बोलून ते बाजूला होत. मुलं थोडा वेळ पुढच्या वाक्याची वाट बघत आणि मग राष्ट्रगीत सुरू होई.

त्या काही वर्षांत आमच्याकडे सगळंच जागचं हललेलं होतं. शाळेचा पट घसरत चालला होता. उन्हाळ्यात आम्ही शिक्षक तोंडाला दुपट्टे बांधून दारोदार फिरायचो आणि पोरं आमच्या शाळेत घाला म्हणून विनवण्या करायचो. सिमेंटचे रस्ते करायला अख्खं शहर खोदून ठेवलं होतं. सकाळी ज्या रस्त्यानं शाळेत गेलो तो संध्याकाळी परतताना जागेवर असेलच याची खात्री नसायची. टाळेबंदीत घराघरात अभ्यासासाठी आलेले मोबाइल टाळेबंदी उठल्यावर परत गेले नाहीत. त्या ऑनलाइन वर्गांच्या दिवसांत सर एकदा मला म्हणाले होते, "मॅडम, समोर सगळे काळे चौकोन. मी त्यायले सुवेझ कालवा शिकवून राहिलो. पोरायनं काय पाह्यलं कोणाले माहीत. मी तं काहीच नाही पाह्यलं." माणूस एवढा हताश झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

पालकांचा ग्रुप तेव्हाचाच. सुरुवातीला त्यावर कोणीही काहीही टाकायचं. एकदा आमच्या निवृत्त मुख्याध्यापकांचं निधन झाल्याचं कोणीतरी टाकलं. बघता बघता हात जोडलेली चित्रं, पणत्या, 'शाळेचा आधारवड हरपला' वगैरे सगळं येऊन गेलं. मग खुद्द त्यांनीच लिहिलं, 'मी आत्ता जेवायला बसलो आहे. सर्वांचे आभार.' धकाते सर त्या दिवशी डोळे पुसत हसले. दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी ग्रुपवर लिहिण्याचा अधिकार एकट्या सरांकडे दिला. सरांनी तो इतका मनावर घेतला, की सुट्टीचं परिपत्रकसुद्धा ते कागद हातात घेऊन पाहिल्याशिवाय टाकत नसत. त्यापायी एका सुट्टीच्या दिवशी निम्मी शाळा गणवेश घालून फाटकाशी हजर झाली. पालकांनी कुरकुर केली, पण त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. धकाते सरांनी लिहिलं म्हणजे ते त्यांनी पाहिलेलं असतं.

पुढे जे झालं ते याच भरवशापायी झालं.

पावसाळा संपता संपता मुलं पळवणारी टोळी आल्याची बोलवा शहरभर उठली. कोणी म्हणे साधूच्या वेशात आहेत, कोणी म्हणे बायका आहेत. सर परिपाठात सांगायचे, "ज्यानं पाह्यलं त्यानं हात वर करा." हात कोणाचाच वर होत नसे. शाळेच्या कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा मंगेश हा सरांचाच जुना विद्यार्थी. त्याच्या काउंटरवर रोज नवा व्हिडिओ दाखवला जाई. सर येताजाता त्यालाही हटकायचे, "काहून रे मंगेश, पाह्यलं का आयकलं?" तो ओशाळून हसायचा आणि फोन उलटा ठेवायचा.

सरांची नात सानवी आमच्याच प्राथमिक विभागात पहिलीत होती, शाळेच्या व्हॅननं यायची-जायची. एका संध्याकाळी व्हॅन वेळेवर आली नाही. ड्रायव्हरचा फोन लागेना. सर घराच्या फाटकात उभे. मिनिटं जात होती आणि हातातल्या फोनवर एका ओळखीच्या, शहाण्यासुरत्या पालकाचा निरोप आला, की हिरव्या टपाचा एक ऑटो मुलांना भलत्याच रस्त्यानं नेताना दिसला. थोड्या वेळानं व्हॅन आली. रस्ता खोदलेला होता म्हणून वळसा घ्यावा लागला होता, दुसरं काही नाही. सानवी उतरली, हातातली अर्धी बिस्किटं आजोबांना देऊन घरात गेली. सरांनी तिथेच, फाटकात उभं राहून, ग्रुपवर लिहिलं: 'सर्व पालकांना सूचना. हिरव्या टपाचा एक ऑटो मुलांना अनोळखी रस्त्याने नेत असल्याचे कळते. कृपया सावध राहावे.'

हिरव्या टपाचा ऑटो आमच्या भागात एकच होता. तो शेषरावांचा. शेषराव मौद्याच्या बाजूच्या एका खेड्यातले. शेती भावाकडे सोडून पोरांच्या शिक्षणासाठी शहरात आलेले, आमच्या शाळेतल्या लहान मुलांची ने-आण करणारे. जुना टप फाटला म्हणून त्यांनी गावाकडच्या हिरव्या ताडपत्रीचा नवा शिवून घेतला होता. आणि त्या संध्याकाळी त्यांनीही खोदलेला रस्ता चुकवून वळसाच घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगेशच्या दुकानासमोर लोकांनी त्यांचा ऑटो अडवला. मुलं आत होती. शेषरावांना ओढून बाहेर काढलं, मारलं, पुढची काच फोडली. हे मी पाहिलेलं नाही. मी पोचले तेव्हा पोलीस त्यांना घेऊन गेले होते. रस्त्यावर काचेचा चुरा होता आणि एका लहान मुलाची पाण्याची बाटली पडलेली होती. ती उचलून मी शाळेत नेली. संध्याकाळी पोलिसांनी त्यांना सोडलं, कारण मुळात काही नव्हतंच. उजवं मनगट मोडलं होतं. त्यांनी कोणाचंही नाव सांगितलं नाही. रोज त्याच चौकातून ऑटो काढायचा होता. मंगेश त्या दिवशी ज्याला त्याला सांगत होता, "सरनं लिहिलं होतं न बावा. सरनं लिहिलं म्हणजे सरनं पाह्यलं."

सर शिक्षकखोलीत डबा न उघडता बसले होते. मी समोर बसले तसे म्हणाले, "मॅडम, मी आयकलं आन् लिहिलं. सानवी घरात गेली होती. तिले डोळ्यानं पाह्यलं होतं मी घरात जाताना. तरी लिहिलं."

"काहून लिहिलं मग?" मीही नकळत त्यांच्याच भाषेत विचारलं.

"भेव गेलं नव्हतं नं अंगातून," ते म्हणाले.

मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांना बोलावून समजावलं. ग्रुपवर दुरुस्ती टाका, पण परिपाठात विषय नको, प्रकरण पोलिसांत आहे, संस्थेचं नाव जाईल. सरांनी ऐकून घेतलं. शनिवारी त्यांची पाळी आली तेव्हा ते हात मागे बांधून उभे राहिले आणि अख्ख्या शाळेसमोर म्हणाले, "आज माह्यापाशी पाहिलेलं नाही. मी एक गोष्ट आयकली आन् पाहिल्यासारखी लिहिली. शेषरावभाऊचा हात त्याच्यापायी मोडला. शेषरावभाऊनं काही केलं नव्हतं." रांगेतून कोणाचा तरी हुंदका आला, बहुधा त्या ऑटोतल्याच एखाद्या मुलाचा. बाईंनी राष्ट्रगीत घाईनं सुरू करवलं.

हेच त्यांनी ग्रुपवरही लिहिलं. पालकांनी घरी, दुकानात, रस्त्यात भेटून काय म्हणावं? "सर मोठ्या मनाचे आहेत हो. गरीब माणसाची रोजीरोटी जाऊ नये म्हणून स्वतःवर घेऊन राहिले." पहिला निरोप सगळ्यांनी खरा मानला होता. दुसरा सरांचा चांगुलपणा म्हणून बाजूला ठेवला. आपलं खोटं लोक मानतात आणि खरं मानत नाहीत, हे त्या माणसाच्या वाट्याला उतारवयात आलं. मला त्यांची कीव आली, आणि ती त्यांना दिसू नये म्हणून मी काही दिवस त्यांच्यासमोर बसणंच टाळलं.

शेषरावांकडे मात्र मी त्यांच्याबरोबर गेले. एका खोलीचं भाड्याचं घर, दारात हिरव्या टपाचा ऑटो, काचेच्या जागी प्लास्टिक बांधलेलं. शेषराव प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन खाटेवर बसले होते. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं आणि ती आत गेली, ती पुन्हा बाहेर आली नाही. सरांनी काही पाठ केलं असावं, पण ते त्यांना आठवेना. "शेषरावभाऊ, माफी..." एवढंच म्हणाले.

शेषराव शांतपणे म्हणाले, "सर, दुसऱ्या कोनी लिवलं असतं तं लोकायनं मले एकडाव विचारलं असतं. तुमी कधी खोटं बोलत नाही, म्हनून कोनी विचारलंच नाही."

सरांनी मान खाली घातली.

"माफीचं काय करू मी? मले लेकरं पायजे ऑटोत. हात बरा होईन. लेकरं कोन देईन?"

परतताना स्कूटरवरून मला माझ्या फाटकाशी सोडलं तेव्हा सर म्हणाले, "लिहून होणार नाही मॅडम आता. सांगूनही नाही. लोकायले दिसलं पायजे."

शेषरावांचं प्लास्टर निघालं त्या आठवड्यात सरांनी सानवीची व्हॅन बंद केली आणि तिला घेऊन शेषरावांच्या ऑटोत बसले. घरात यावरून जोरदार भांडण झालं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमी बसा नं खुशाल. पोट्टीले काहून बसवता?" सरांनी ते मला जसंच्या तसं सांगितलं, आपलं उत्तरही सांगितलं. "मी एकटा बसलो तं लोक म्हणतीन, म्हातारा पस्तावा करून राहिला. तिले बसवलं तं म्हणतीन, भरोसा आहे." सूनबाई काही दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. डब्यात दहीभाताऐवजी कोरडी पोळी येऊ लागली. सर ती मुकाट्यानं खात.

पण लोक तसं म्हणाले नाहीत. रोज सकाळी हिरव्या टपाचा ऑटो चौकातून यायचा, आत आजोबा आणि नात, बाकीची जागा रिकामी. आणि मंगेशच्या दुकानाशी उभे असलेले लोक म्हणायचे, "सर लक्ष ठेवाले सोबत बसून राहिले. चांगलं आहे. सावध असलं पायजे." हे सरांच्या कानावर आलं तेव्हा ते माझ्याकडे बघून चक्क हसले. "मॅडम, काही केलं तरी हे लोक मलेच चांगलं म्हणतात. त्या माणसाले कोण म्हणीन?"

मग थंडीतली एक सकाळ. मी शाळेत पोचले तर सर फाटकात उभे. मफलर गुंडाळलेला, हात मागे बांधलेले, चालत आलेले. सानवी बरोबर नव्हती.

"सानवीला बरं नाही का?"

"येऊन राहिली. ऑटोत. एकटी."

मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. रस्त्यापलीकडे मंगेश दुकानाचं शटर अर्धं उचलून उभा होता. तोही बघत होता. ऑटोची वेळ झाली आणि गेली. सरांनी घड्याळ बघितलं नाही, फोन काढला नाही. त्यांची बोटं मात्र पाठीमागे एकमेकांत इतकी घट्ट अडकली होती, की नखं पांढरी पडली होती. मला वाटलं, म्हणावं की सर, फोन तरी करा. मी म्हटलं नाही. हा माणूस स्वतःच्या जिवाचा तुकडा पणाला लावून उभा आहे, हे मला तेव्हा स्पष्ट कळलं, आणि मला त्याचा थोडा रागही आला. मोठ्यांची चूक निस्तरायला ती पोरगी कशाला, असं आजही मला अधूनमधून वाटतं.

वळणावर हिरवा टप दिसला. ऑटो फाटकाशी थांबला. आतून कोणी उतरेना. शेषराव खाली उतरले, मागे जाऊन वाकले आणि म्हणाले, "उठ वं माय, शाळा आली." सानवी दप्तरावर डोकं ठेवून गाढ झोपली होती. डोळे चोळत उतरली आणि म्हणाली, "आबाजी, काका लई हळू चालवते. मले झोपच लागली."

शेषराव ऑटो वळवून गेले. मंगेशनं शटर पूर्ण उचललं आणि उगाच खूप वेळ काउंटर पुसत राहिला.

त्या ऑटोत दुसरं मूल आलं ते एका भाजीवालीचं. भरवसा वाटला म्हणून आलं, असं मी म्हणणार नाही; तिला व्हॅन परवडत नव्हती. पण ते रोज आलं, रोज घरी पोचलं, आणि ते येणं-जाणं लोकांना दिसत राहिलं. मग आणखी एक आलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शेषरावांच्या ऑटोत पुन्हा पोरांची दाटी झाली होती, दप्तरं बाहेर लोंबत होती. माझे गुडघे कुरकुरू लागल्यावर मीही संध्याकाळची त्यांचीच सवारी झाले. शेषरावांनी सरांना माफ केलं का? मला माहीत नाही. ते दोघं त्याबद्दल बोलताना मी ऐकलं नाही. रोज सकाळी शेषराव म्हणत, "चाललो सर." सर म्हणत, "हाव." एवढंच.

सरांमध्ये एक फरक पडला. दुसऱ्याला प्रश्न विचारण्याआधी ते स्वतःचं सांगून टाकायचे. साधं "उद्या ऊन वाढणार आहे," म्हणायचं असलं तरी आधी, "हे आयकलेलं आहे, मॅडम," असं म्हणत. ग्रुप त्यांनी सोडला. परिपाठातलं 'पाहिलेलं' मात्र निवृत्त होईपर्यंत सोडलं नाही. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, आम्ही सगळ्यांनी लांबलचक भाषणं केली. सर उठले, हात मागे बांधले आणि म्हणाले, "मी या शाळेत लेकरं पाह्यली. लई पाह्यली." आणि बसले. टाळ्या कुठे वाजवायच्या ते कोणाला कळलं नाही. हार, शाल, नारळ सगळं घेऊन ते शेषरावांच्या ऑटोतून घरी गेले.

निवृत्तीनंतर ते क्वचित दिसायचे. यंदाच्या उन्हाळ्यात मी गुडघ्याच्या डॉक्टरकडे सदरला गेले होते. दवाखान्यात बसले असताना फोन वाजू लागला. आता ग्रुप पुन्हा सगळ्यांना खुला झाला आहे. 'आपले लाडके धकाते सर आपल्यात राहिले नाहीत.' खाली लगेच हात जोडलेले, पणत्या, फुलं. माझाही अंगठा आपोआप त्या चित्रांकडे गेला. मग मी फोन पर्समध्ये टाकला आणि नंबर सोडून बाहेर आले.

शेषराव मला तिथे सोडून ऑटो सावलीत लावून थांबले होते. माझा चेहरा बघून खाली उतरले.

"शेषरावभाऊ, धकाते सर..."

त्यांनी हात वर केला. "तुमी पाह्यलं?"

"नाही. मोबाइलवर आलं."

"मंग नका बोलू. बसा."

सदरहून नंदनवन म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकाला. ऊन मी म्हणत होतं, झळा तोंडावर येत होत्या. मला निवृत्त मुख्याध्यापक आठवत होते, त्यांचं ते जेवायला बसणं आठवत होतं. दार उघडून सर हातात दहीभाताची वाटी घेऊन उभे आहेत आणि मला विचारताहेत, "काहून मॅडम, आयकून आल्या का?" एवढंच मी मनात घोकत होते. ते खरं व्हावं असं मला फार वाटत होतं.

गल्लीच्या तोंडाशीच चपला दिसल्या. फाटकाबाहेर, पायरीवर, तुळशीपाशी, सगळीकडे. सानवी, आता बरीच उंच झालेली, कूलरपाशी भिंतीला टेकून उभी होती. आम्ही आत गेलो. सर जमिनीवर होते. पांढरा शर्ट शाळेत घालायचे तसलाच, हात पहिल्यांदाच पुढे होते. मी नमस्कार केला. शेषराव थोडा वेळ नुसते बघत उभे राहिले, मग वाकले आणि आपला वाकडा बसलेला उजवा हात त्यांच्या पायावर ठेवला.

बाहेर आलो तर फाटकात मंगेश मोटरसायकलवरून उतरत होता. हातात फोन, त्यावर तोच निरोप. सर गेले यावर त्याचाही विश्वास बसत नव्हता. आत जायचा त्याला धीर होईना. फाटकात आम्ही दोघं होतो, मला ओलांडून त्यानं शेषरावांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, खरं आहे का?"

"हाव," शेषराव म्हणाले. "मी पाह्यलं."

मंगेशनं फोन खिशात घातला, चपला काढल्या आणि आत गेला.